शाईचं बोट

“सही कशापायी?” सयाजीने दार अर्धंच उघडलं होतं, आणि त्या अर्ध्यातही तो स्वतः आडवा उभा होता.

सुमनताई तीन जिने चढून आल्या होत्या. अंगणवाडीची नोकरी, आणि वर महापालिकेच्या निवडणुकीचं काम गळ्यात पडलेलं. त्यांनी पदराने मान पुसली आणि रजिस्टर पुढे केलं.

“अहो दादा, मतदानाची चिठ्ठी दिली म्हणून सही. कुठली शाळा, कुठली खोली, सगळं आहे यात. मिळाली एवढंच लिहायचंय.”

“आन मिळाली न्हाई तं?”

“हातात तर देतेय की हो मी!”

“मग ठिवा उंबऱ्यावर. मी उचलून घेतो. सही न्हाई व्हायची.”

रहाटणीच्या गल्ल्यांतून घरोघर हिंडताना सुमनताईंनी बरंच पाहिलं होतं. कुणी अंगावर कुत्रं सोडलं, कुणी पाणी कधी येणार म्हणून भांडलं, कुणी लस द्यायला आलात का म्हणून दंडच पुढे केला. पण चिठ्ठी उंबऱ्यावर ठेवा म्हणणारा हा पहिलाच. त्या काही बोलणार, तेवढ्यात विजयश्री कणकेचे हात तसेच घेऊन आतून आली, नवऱ्याला खांद्याने बाजूला केलं, कोपराने रजिस्टर धरलं आणि दोघांच्या नावापुढे आपलीच सही ठोकून दिली.

“राग नका धरू ताई. त्यांचं तसलंच हाय आता.”

दार लागल्यावर सयाजी खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाई खाली उतरून शेजारच्या बिल्डिंगमध्ये शिरेपर्यंत तो तिथून हलला नाही.

“काय बघायलाव?”

“खरंच दुसऱ्याकडं जाती का, ते बघायलो. चिठ्ठी आशी घरपोच कोन देतंय गं? आपल्याला काय सोनं लागलंय का? घरात कोन कोन हाय, काय काय हाय, त्येच बघायला आल्ती.”

“घरात हाय काय बघायला? तुमी, मी आन पिठाचा डबा.” विजयश्री पुन्हा पोळपाटाशी बसली. ती वाकडच्या एका मोठ्या सोसायटीत आठ-दहा घरच्या पोळ्या करायची आणि आल्यावर स्वतःच्या घरच्या. बोलायला तिच्याकडे फार वेळ नसे, पण जे बोले ते बरोबर वर्मी लागे. “सरकारनं तुमच्यावर डोळा ठिवायला त्याला दुसरी कामं न्हाईत व्हय!”

आता, सयाजी लोमटे हा माणूस जन्मापासूनच असा होता, असं कुणी समजू नका. केजकडच्या गावातून इकडे आला तेव्हा तो इतका भोळा होता की, ओळखपाळख नसलेल्या माणसाला गाडीची चावी काढून द्यायचा. एकदा फोनवरच्या कुठल्याशा गोड आवाजाच्या बाईला त्याने आपली जन्मतारीखही सांगून टाकली होती आणि वर, तुमची कधी असते, असं विचारलं होतं. माणसं चांगली असतात, हे त्याचं ठाम मत होतं. ते मत गेलं, ते त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांच्या मागोमाग.

तो चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. कंपनीचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस. त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली, तरच वरचा ठोकळा खाली येतो. हात चुकून आत राहू नये, एवढ्यासाठीच ही सोय, आणि सरकारचा नियमच आहे तसा. पण दोन्ही हात बटणांत अडकले की पत्रा सरकवायला हात उरत नाही आणि माल कमी निघतो. म्हणून सुपरवायझर किसनने डाव्या बटणावर काळी टेप करकचून गुंडाळली आणि ते बटण कायमचं दाबून टाकलं. आता उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने पत्रा. माल भसाभस निघायला लागला, किसनची पाठ थोपटली गेली. मग एका दुपारी सयाजीचा डावा हात जरासा मागे राहिला. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट त्या ठोकळ्याखालीच राहिलं.

दवाखान्यात ठेकेदार गणराजभाऊ स्वतः आले. सफरचंदं आणली, शहाळी आणली, खाटेच्या कडेला बसून डोळ्यांत पाणी आणलं. “सया, तू आपला भाऊ हायेस. दवाखान्याचं समदं माझ्याकडं. फकस्त क्लेमच्या कागदावर तेवढी सही टाक.” कागद कोराच होता. सयाजी इंजेक्शनच्या गुंगीत होता, तेव्हा किसनने त्याचा उजवा हात प्रेमाने धरून पेन चालवायला मदत केली. नर्सने विचारलं तर म्हणाला, आमचाच माणूस हाय, मी वळखतो त्याला.

त्या कागदावर पुढे काय उमटलं, ते सयाजीला हात बरा झाल्यावर कळलं. कारखान्याच्या गेटवर सगळ्यांना उभं करून किसनने सुरक्षिततेवर भाषण ठोकलं. बघा, म्हणाला, या लोमट्याने स्वतःच बटणाला टेप लावली, दहादा सांगून ऐकलं नाही, आणि तसं त्याने सहीनिशी लिहून दिलंय. सयाजी त्या गर्दीतच उभा होता. सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले आणि त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. नुकसानभरपाई बुडाली ती बुडालीच, पण गावभर आपण मूर्ख ठरलो, हे त्याला जास्त लागलं. कोण कुठला सयाजी, आणि म्हणे हौसेने बोटं कापून घेतली!

तेव्हापासून तो सही करेना. दुधाच्या पिशवीवरची तारीख दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घेई. कुणी जास्त गोड बोललं की उठून जाई. डावा हात कायम पँटच्या खिशात. आणि या संशयानेच त्याचं आणखी एक नुकसान केलं, ते त्याने बायकोलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

कारखान्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या सरकारी कार्यालयातून निवेदिता मॅडम म्हणून एक अधिकारी चौकशीला आल्या होत्या. त्यांनी प्रेस पाहिली. टेप अर्थातच गायब होती. मग त्यांनी सयाजीला पाण्याच्या कूलरपाशी एकट्याला बोलावलं आणि सरळ विचारलं, “टेप कुणी लावली होती?” सयाजीने त्याच्या आधी गणराजभाऊंच्या केबिनमध्ये चहाचा ट्रे जाताना पाहिला होता. झालं. ही पण त्यांचीच, असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो म्हणाला, “मला काय आठवत न्हाई म्याडम.” “बटणाला डिंक अजून चिकटलेला आहे,” त्या म्हणाल्या, “पण डिंक बोलत नाही. आठवलं तर कळवा.” जाताना त्यांनी प्रेसशेजारच्या फळ्यावर खडूने आपला नंबर लिहिला. किसनने तो जेवणाच्या सुट्टीआधीच पुसला.

त्यांनी चहाला हातही लावला नव्हता, हे समाधानने पुढे सांगितलं. समाधान हा त्याचा शेजारच्या मशिनवरचा जोडीदार. तो म्हणाला, कप भरलेलाच परत आला, मी बघितला ना राव. त्या दिवशी सयाजी डबा न उघडताच घरी घेऊन आला.

आणि आता गणराजभाऊ नगरसेवक व्हायला उभे होते. सयाजीच्याच प्रभागातून.

*

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी गणराजभाऊंनी रहाटणीत राहणारी आपली सगळी माणसं देवळात बोलावली. सयाजीही गेला. न जाऊन करतो काय? तीन बोटांच्या माणसाला पॅकिंगमध्ये बसवून घेतलं होतं ते भाऊंच्याच मर्जीवर, आणि ही गोष्ट भाऊ महिन्यातून एकदा तरी आठवण करून देत.

“सरकारनी उद्या सुट्टी दिलीया,” भाऊ म्हणाले. “पगारी सुट्टी. पर कुनाला? ज्याच्या बोटाला शाई त्याला. परवा बसमदी चढताना किसन बोट बघंल. आता मत कुनाला द्यायचं ते मी काय सांगनार न्हाई. ज्याचं त्याचं स्वातंत्र्य हाय. मी फकस्त देवाफुडं उभं करतो.”

आणि किसन ताट घेऊन आला. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. बेलभंडारा उचलायचा म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागलं नाही. एकदा उचलला की शब्द देवाला दिला. मग मोडायची कुणाची छाती नाही, निदान भाऊंचा हिशेब तरी तसा होता. वर ते हसत हसत म्हणाले, “शाळेतल्या कुठल्या खोलीत आपली किती मान्सं हायती, मला म्हायती हाय. मोजनी झाली की खोलीवार आकडा येतो. कमी आला की मला कळतंय.”

माणसं एकेक करून पुढे जायला लागली. समाधानने उचलला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. सयाजीची पाळी आली तेव्हा त्याने खिशातून डावा हात काढला आणि अंगठा व करंगळीशेजारच्या बोटाच्या चिमटीत बेलाचं पान धरलं. निम्मा भंडारा ताटाबाहेर सांडला.

“आरं उजव्या हातानं घे की!” किसन खेकसला.

“उजव्यात परसाद हाय,” सयाजी म्हणाला. खोबऱ्याचा तुकडा त्याने आधीच घेऊन ठेवला होता.

घरी आल्यावर विजयश्रीने त्याचा पिवळा झालेला हात पाहिला आणि तिला सगळं कळलं. ती आधी भडकली. देवाला मधी घालायला लाज कशी वाटली न्हाई मेल्यांना, म्हणाली. मग तिने हळूच विचारलं, “डाव्या हातानं उचललेला लागू होतो का हो?”

“काय म्हाईत.”

“देव काय हात बघत न्हाई. मन बघतो.”

“मग तं बरंच झालं,” सयाजी म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी विजयश्री त्याच्या बोलण्यावर हसली.

पण उद्या जायचं का, हे तो सांगेना. जाऊन उपयोग काय? मशिनला वायर असते, वायर कुठे जाते कुणाला माहीत? वर कॅमेरा असतो म्हणे. आणि भाऊंना आकडा कळणार. त्याचं म्हणणं तिने ऐकून घेतलं.

“समदं घेतलं त्यांनी तुमचं,” ती शेवटी म्हणाली. “बोटं घेतली, सही घेतली. येवढं एक मत हाय, ते तुमी हून देऊन टाकायलाव. जावा, झोपा घरात.”

सयाजीला हे बोलणं फार झोंबलं. तो उठून गॅलरीत गेला, पण ते बोलणं त्याच्या मागोमाग तिथेही आलं.

*

महापालिकेच्या शाळेत बालवाडीच्या खोलीत मतदान होतं. भिंतीवर ससा, कासव आणि अ अननसाचा. सयाजी रांगेत होता. पुढे समाधान. बायकांच्या रांगेतून विजयश्री केव्हाच मत देऊन बाहेर पडली होती आणि फाटकाशी उभी होती.

आत शिरल्याबरोबर सयाजीने आधी कोपरे न्याहाळले. उमेदवारांचे प्रतिनिधी बाकावर बसले होते, आणि त्यांत गणराजभाऊंचा बिल्ला लावून किसन. किसनने त्याला बघून ओळखीचं, अगदी मायेचं हसू दिलं. सयाजीने ते हसू दवाखान्यात पाहिलं होतं.

पहिल्या कर्मचाऱ्याने नाव पुकारलं. कार्ड पाहिलं. पुढच्या टेबलाशी पद्मजा मॅडम होत्या. एरवी चिंचवडच्या शाळेत गणित शिकवत, आज सही आणि शाईचं काम त्यांच्याकडे आलं होतं. पहाटेपासून बसून त्यांची पाठ मोडून आली होती, हे दिसतच होतं.

“इथे सही करा.”

सयाजीचा हात खिशातून निघेना. कुठलाच.

“दादा, सही.”

“यावर काय लिवलंय ते मोठ्यानं वाचा आधी.”

मॅडमनी मान वर केली. चिडतील असं सयाजीला वाटलं, पण त्यांनी खरंच वाचलं. अनुक्रमांक. यादीतला क्रमांक. ओळखपत्र. सही. “एवढंच आहे. तुम्ही मत द्यायला आलात, याची नोंद.”

“आन ही खाली मोकळी जागा कशाला?”

“ती तुमच्या मागच्या माणसाची.”

“मी गेल्यावर मव्हं नाव घालून त्यात काय बी लिवलं तर?”

मागे रांग चुळबुळायला लागली. “ओ काका, मत देताय का घर विकताय?” कुणीतरी ओरडलं आणि खोलीत हशा पिकला. सयाजीचे कान तापले. आपण वेड्यासारखं करतोय, हे त्याला कळत होतं, पण पेन हातात घ्यायचा विचार केला की त्याच्या मनगटावर पुन्हा तो किसनचा ओला, मऊ पंजा जाणवत होता. मागे फिरावं आणि सरळ घर गाठावं, असं त्याच्या मनात आलं. एक पाऊल त्याने मागे टाकलंही.

तेवढ्यात किसन बाकावरून उठला. “म्याडम, त्याचं डोस्कं फिरलंय ॲक्सिडेंटपास्नं. तुमी सही नगं, अंगठा घ्या. आमचाच मानूस हाय, मी वळखतो त्याला.” आणि हात धरायला तो दोन पावलं पुढे आला.

पद्मजा मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“तुम्ही तुमच्या जागेवर बसा.”

“न्हाई, मी म्हनलं वेळ वाचंल...”

“मतदाराशी बोलायचं नाही. त्याला हात लावायचा नाही. बसा.” आवाज चढला नव्हता. वर्गात मागच्या बाकाला सांगतात, तेवढाच होता. कोपऱ्यातून केंद्राध्यक्ष सदाशिव सर चष्म्यावरून बघत उठले. “बसता, का बाहेर काढू?” त्यांनी विचारलं. दाराशी पोलीस होताच.

किसन बसला.

सयाजी बघतच राहिला. इतकी वर्षं या माणसाच्या हाताखाली काढली, पण कुणी ‘बस’ म्हटलं आणि किसन बसला, असं त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ना कंपनीचा साहेब, ना गणराजभाऊ. आणि ही मास्तरीण! तिचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. तिला गोड बोलायचीसुद्धा गरज पडली नव्हती.

“दादा,” मॅडम म्हणाल्या, “सही तुमची, मर्जी तुमची. केली नाही तर मत देता येणार नाही, तो नियम मला बदलता येत नाही. केली तर तुम्ही आलात एवढंच कळेल. तिकडे आत काय केलंत, ते मलाही कळणार नाही. यांनाही नाही.”

सयाजीने डावा हात खिशातून काढला. रजिस्टरचं पान वाऱ्याने उडत होतं, ते त्या हाताने दाबून धरलं, आणि उजव्या हाताने पूर्ण नाव लिहिलं. सयाजी मारुती लोमटे. मग नावाच्या शेवटापासून रकान्याच्या कडेपर्यंत एक रेघ ओढली, पुढे कुणाला काही जोडता येऊ नये म्हणून. मॅडमनी रेघ ओढू दिली.

“आता शाई. डाव्या हाताचं पहिलं...” त्या बोलता बोलता थांबल्या. त्यांनी सदाशिव सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, त्याच हाताचं दुसरं कुठलंही बोट चालतं, तसं नियमात आहे. मॅडमनी त्याचा हात टेबलावर सपाट करून घेतला. करंगळीशेजारच्या बोटाच्या नखावर शाई ओढताना, काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, “कसं झालं हो हे?”

मागच्या रांगेतल्या सगळ्यांना तो हात दिसत होता.

“प्रेसवर गेली,” सयाजी म्हणाला. “बटनाला टेप लावलेली हुती.” मॅडमनी शाई पुरी केली तरी त्याने हात उचलला नाही. “टेप मी लावली न्हवती.”

एवढंच वाक्य होतं ते. गेटवर गर्दीत म्हणायचं राहिलेलं, कूलरपाशी म्हणायचं राहिलेलं. ते तो एका अनोळखी मास्तरणीला म्हणाला, पण खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. किसनने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्यावर सयाजीने आधी वर बघितलं. कॅमेरा होता, पण तो त्याच्या पाठीकडे. तरी त्याने खांद्यावरचा टॉवेल हातावर घेतलाच. सवय अशी एका दिवसात जाते होय! चार नगरसेवक निवडायचे, म्हणून चार वेळा बटण दाबायचं होतं. तीन झाली. चौथ्या यादीत गणराजभाऊंचं नाव होतं, आणि शेवटचं दाबल्याशिवाय मशिनचा आवाज येणार नव्हता. सयाजी त्या नावाकडे बराच वेळ बघत उभा राहिला. बाहेरून कुणी घाई केली नाही. मग लांबलचक आवाज झाला.

कुणाचं बटण दाबलं? ते त्याने फाटकाशी उभ्या असलेल्या बायकोलाही सांगितलं नाही, तर मला कुठून सांगणार! विजयश्रीने खोदून खोदून विचारलं. तो फक्त म्हणाला, “ते मव्हं हाय,” आणि दोघं पायी घरी गेले. वाटेत त्याने हात खिशात घातला नाही. तिच्या ते लक्षात आलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काळेवाडी फाट्यावर कंपनीची बस उभी होती आणि दारात किसन. माणसं पायरीवर चढताना डावं बोट वर करत होती, किसन बघून मान हलवत होता. त्याचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं, कारण मोजणी त्याच दिवशी होती. चेहरे तो बघतच नव्हता, नुसती बोटं.

“बोट. चल. बोट. फुडं चल.”

समाधान चढला. मागे सयाजी.

“बोट दाखव.”

“कुठलं?”

“आरं डाव्या हाताचं पयलं, आनि कुठलं! समदी दाखवत्यात ते...”

“ते तुमच्याकडंच राहिलंय किसनराव,” सयाजी म्हणाला. “कंपनीत आसंल कुठं तरी. तितं जाऊन बघा, शाई लागली का.”

किसनने फोनमधून मान वर काढली. बसमधली डोकी दाराकडे वळली. ड्रायव्हरनेसुद्धा आरशातून बघितलं. सयाजी पायरीवर तसाच उभा होता. इथूनच घरी जावं लागणार, असं तो धरूनच चालला होता. पण किसन बाजूला झाला. समाधानने सरकून खिडकीची जागा मोकळी करून दिली.

चाकणला पोचल्यावर शॉपमध्ये, म्हणजे मशिनच्या शेडमध्ये, समाधान त्या प्रेसवर उभा राहिला. सयाजीची जुनी प्रेस आता त्याच्याकडे होती. सयाजी पॅकिंगकडे निघाला होता. जाता जाता त्याने पाहिलं, आणि त्याला राहवेना. डाव्या बटणावर पुन्हा काळी टेप.

“हे कधीपासून?”

“सोड ना भावा. डिस्पॅच अडकलाय म्हने. दोन-चार दिवसाचा प्रश्न हाय.”

“मला बी दोन-चार दिवसच सांगितले हुते.”

सयाजी बटणापाशी वाकला. टेप करकचून गुंडाळलेली होती, तिचं टोक सापडेना. उजव्या हाताने त्याने बटणाचा डबा धरला आणि डाव्या हाताचं शाईचं नख टेपवर फिरवत राहिला. टोक लागलं. तो सोलायला लागला.

“भावा, किसन बघायलाय.”

“बघू दी.”

टेप निघत आली तसं बटण टक्‌दिशी वर आलं. सयाजीने समाधानचा डावा हात पत्र्यावरून उचलला आणि त्या बटणावर ठेवला. “हितं ठिवायचा,” तो म्हणाला. “माल कमी निघाला तं निघू दी.”

“लोमटे!” किसन पलीकडून ओरडत होता. “मशिन सोड! केबिनमदी ये! सही करायचीया तुला!”

सही कशावर असणार, हे सयाजीला न वाचताच कळलं. पॅकिंगची जागा गेली. घरी काय सांगायचं, वाकडला आणखी दोन घरच्या पोळ्या मिळतील का, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. तो समाधानकडे वळला.

“त्या सरकारी म्याडमनी फळ्यावर नंबर लिवला हुता. तू घेतला हुता ना?”

समाधानने इकडेतिकडे पाहिलं, फोन काढला आणि हळूच म्हणाला, “गॅस एजन्सी नावानं ठिवलाय. कुनी बघितला तर, म्हनून.”

नंबर स्वतःच्या फोनात घेऊन सयाजी पाण्याच्या कूलरपाशी गेला. त्याने फोन लावून कानाशी धरला. सोललेली टेप अजून त्याच्या त्या हाताला चिकटलेली होती. पलीकडे बराच वेळ रिंग वाजली आणि मग कुणीतरी उचलला. किसन तोवर अर्ध्या शॉपमधून तरातरा चालत येत होता. सयाजीने पाठ फिरवली नाही.

“म्याडम, सयाजी मारुती लोमटे बोलतो, चाकनवरून,” तो म्हणाला. “तुमी म्हनला हुता, आठवलं तर कळवा. आठवलंय मला.”